एका रोटाचे शब्द

१ जून, रविवार. सकाळी ५.४०

नवी वही. वर्षाच्या मधेच सुरू केली. जानेवारीची वाट बघणारे लोक जानेवारीतही काही करत नाहीत.

काल प्रेमराज पहूरहून आला होता. माझा धाकटा भाऊ. तीन तास बसला, त्यातले अडीच मुद्द्यावर यायला लागले. मुद्दा मयुरी. त्याची मुलगी, वय तेवीस, नर्सिंग झालेलं, इथं जळगावात माझ्याकडे राहून एका हॉस्पिटलात ड्यूटी करते. तिला नर्स म्हणून जर्मनीला जायचं आहे. त्याआधी जर्मन भाषेची बी-वन नावाची परीक्षा पास व्हावी लागते. आणि धुळ्याहून एक स्थळ चालून आलं आहे.

निकाल मी दिला. दिवाळीपर्यंत मुदत. पास झाली तर जर्मनी, नापास झाली तर धुळे. प्रेमराजनं विचारलं, पास होईल याची खात्री कोण देतं. मी म्हटलं, मी.

मयुरीला पुण्याच्या कुणा बाईंचा ऑनलाइन वर्ग लावायचा होता. नामंजूर. घरात बी.ए. इंग्लिश स्पेशल, धुळे, १९७७, फर्स्ट क्लास बसलेला असताना बाहेर कशाला जायचं. शिवाय टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं सुपरवायझर. भाषा म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये.

जर्मन मला येत नाही. ही अडचण नाही. युरोपातल्या सगळ्या भाषा ही एक भाऊबंदकी आहे. एक चुलतभाऊ ओळखीचा असला की बाकीच्यांच्या घरी थेट स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं. सोयरीक जुळवताना मी हेच करते: आडनाव, कूळ, मामकूळ. तीन प्रश्नांत घर उलगडतं. आजवर एकसष्ट सोयरिकी माझ्या नजरेखालून गेल्या. एकही फिसकटली नाही. दोन सोडून. त्या माझं न ऐकता झाल्या होत्या.

४ जून, बुधवार

पद्धत ठरली. दोनशे पानी वही, मधोमध रेघ. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे जर्मन. हँडला हांड. फिंगरला फिंगर. हाउसला हाउस. आर्म, वाइन, विंटर, जसेच्या तसे. पहिल्या दिवशी चाळीस शब्द. वर्गात आठवड्याला तीस होतात म्हणे.

मयुरी हल्ली पहाटे साडेपाचला आपण होऊन उठते आणि कानात ते बोंडूक घालून गच्चीवर बसते. विचारलं तर भजन ऐकते म्हणाली. आजकालच्या मुलींत हे दुर्मिळ. संगतीचा परिणाम.

११ जून, बुधवार

किरकोळ अडथळा. मी 'गिफ्ट' शब्द घेतला. अक्षरं तीच, म्हणून अर्थ भेटवस्तू. मयुरी हळूच म्हणाली की जर्मनमध्ये त्याचा अर्थ विष होतो.

डिक्शनरी बघितली. विष. छपाईची चूक समजून दुसरी बघितली. विष.

दुपारी विचार केला आणि उलगडलं. मूळ एकच, 'देणे'. इंग्रजाच्या घरी दिलेली ती भेट झाली, जर्मनाच्या घरी दिलेली ती औषधाची मात्रा झाली, आणि पुढे मात्रेचं विष. म्हणजे भाऊबंदच, एक भाऊ वाईट मार्गाला लागला. आमच्या पहूरच्या भाऊबंदकीतही एकानं दारूचं दुकान टाकलं. म्हणून तो आमचा नाही असं होतं का? सिद्धांत शाबूत.

१९ जून, गुरुवार

वहीत तिसरा रकाना काढला: 'बिघडलेले'. त्यात आज: 'रॅट' दिसतो तो सल्ला. 'शेफ' म्हणजे साहेब, स्वयंपाकी नव्हे. 'जिम्नॅशियम' म्हणजे हायस्कूल. 'हँडी' म्हणजे मोबाइल. 'फास्ट' म्हणजे जवळजवळ. 'बिकम'सारखा दिसतो तो 'मिळणे'.

बिघडलेल्यांचा रकाना बाकी दोहोंपेक्षा लांब झाला आहे. रेघ सरकवून घेतली.

२८ जून, शनिवार

फक्त जर्मनवर का थांबायचं? कुटुंब मोठं केलं की नाती स्पष्ट दिसतात. आज स्पॅनिश आणि फ्रेंच घेतल्या. इंग्रजी 'मच', स्पॅनिश 'मुचो'. दोन्हींचा अर्थ पुष्कळ. सख्खे भाऊ, आंधळ्यालाही कळेल. मयुरी म्हणाली, मॅडम सांगतात यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नुसता योगायोग. कोण मॅडम, मी विचारलं. पुस्तकातल्या मॅडम, ती म्हणाली.

पुस्तकातल्या मॅडमचं पुढंही काही होतं. जर्मनांचा अग्नी 'फॉयर' आणि फ्रेंचांचा 'फ' पासूनच सुरू होणारा अग्नी, हेही एकमेकांचे कुणी नाहीत. उलट आपला 'पाच', इंग्रजी 'फाइव्ह' आणि जर्मन 'फ्युन्फ' हे एकाच घरचे. तोंडावळा जुळत नाही आणि रक्त एक.

हे मला पटलं नाही. सख्ख्या भावांचे चेहरे न जुळणं मी पाहिलं आहे. पण चेहरा, काम, चालणं सगळं जुळतं आणि नातं नाही? असं होत नाही. जेवताना मी हे बोलले, तर आमचे हे (लीलाधर, सहसा बोलत नाहीत) म्हणाले, चेहरे बघून सोयरीक जुळवतेस का तू, कूळ विचारतेस ना? मी त्यांना वरण वाढलं. भाषाशास्त्रात सगळ्यांनी पडू नये.

१२ जुलै, शनिवार

चाचणी परीक्षा. मयुरीला शंभरात शहाण्णव. पेपर मीच काढला आणि मीच तपासला, त्यामुळे निकालाबद्दल शंका नको.

संध्याकाळी मोबाइलवर जर्मन बातम्या लावल्या. अकरा मिनिटांत तीन शब्द समजले. त्यातला एक 'ओके' होता. निवेदकाचे उच्चार अस्पष्ट आहेत. आमच्या एक्स्चेंजमध्ये आठवडाभर टिकला नसता. मयुरी मात्र ऐकता ऐकता एकदा हसली. काय विनोद झाला ते विचारायचं राहून गेलं.

२२ जुलै, मंगळवार

प्रेमराजचा फोन. धुळ्याचे लोक थांबायला तयार नाहीत. परीक्षा व्हायची तेव्हा होईल, आधी बघून घेऊ, पसंत पडलं तर कुंकू लावून ठेवू, असा निरोप. मी म्हटलं, दिवाळीची मुदत ठरली होती. तो म्हणाला, त्यांना काय तोंडावर दार लावायचं? चांगलं घर आहे. शेवटी म्हणाला, तू कूळ बघ, अक्का. तू नाही म्हणालीस तर नाही. कानबाईच्या सणानंतरच्या रविवारी, तुझ्याच घरी.

मयुरी जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली. मी तिला सांगितलं की कुंकू लावलं म्हणजे लगेच लग्न होत नाही. तिनं विचारलं, कुंकू लावल्यावर जर्मनीला गेलेली एक मुलगी सांग, आत्या.

आठवून सांगते म्हटलं. अजून आठवते आहे.

परीक्षा २० सप्टेंबरला, पुण्यात.

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ६

सविस्तर लिहिणं भाग आहे.

सकाळी अकराला आले. मुलाचे वडील चुडामणभाऊ, आजी धुरपदाबाई, मुलगा हितेंद्र, आणि गाडीत मावतील तेवढे इतर. मुलगा नरडाण्याला कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. मी दोष शोधायचा निश्चय केला होता. नखं कापलेली, बूट बाहेर ओळीत काढले, पाणी पिऊन ग्लास स्वतः आत आणून ठेवला. असे लोक फार गैरसोयीचे असतात.

कूळ विचारलं. वेगळं. मामकूळ विचारलं. वेगळं. आजोळ, पणजोळ, देवक, सगळं वेगळं. एवढी स्वच्छ सोयरीक मी दहा वर्षांत पाहिली नव्हती. माझे प्रश्न संपले. प्रेमराजनं माझ्याकडे बघितलं. मी पोहे संपवत राहिले. त्यानं कुंकवाचं ताट जवळ ओढलं. दाराच्या पडद्याखाली मयुरीची पावलं दिसत होती, अजिबात न हलणारी.

तेवढ्यात धुरपदाबाई, वय त्र्याऐंशी, खुशीत येऊन बोलायला लागल्या. पहूर त्यांना नवं नाही. त्यांचे मालक तरुणपणी दोन वर्षं पहूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आमच्या घरासमोरच्या खोलीत एकटे राहायचे. या स्वतः तेव्हा चुडामणभाऊच्या बाळंतपणासाठी माहेरी. मग म्हणाल्या, "तुमन्या मायनी त्यास्ले कानबाईना रोट धाडा व्हता, बाई. आपण काय परका शेत?"

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. कानबाईचा का, विचारलं. हो. खाल्ला का त्यांनी. खाल्ला तर, शेवटपर्यंत सांगायचे.

खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं तेच मी मोठ्यानं म्हटलं. श्रावणात घरात कानबाई देवी बसते, घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात, त्याचा रोट करतात. तो रोट भाऊबंदांशिवाय कुणाच्या तोंडात जात नाही. शेजाऱ्याच्या नाही, जावयाच्या नाही. ज्यानं खाल्ला तो आपल्या कुळाचा. "आपण एका रोटाचे निघालो, चुडामणभाऊ. ही दोघं बहीणभाऊ आहेत."

चुडामणभाऊंनी कुळाची नावं पुन्हा मोजायला सुरुवात केली. मी म्हटलं, कुळाचं नाव विसरलं जाऊ शकतं, बदलू शकतं. कानबाई विसरत नाही. धुरपदाबाई रडायला लागल्या. मला वाटलं रागानं. आनंदानं. साठ वर्षांनी घरचे लोक सापडले म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आपण बठ्ठा एकच शेतस," आपण सगळे एकच, एवढंच म्हणत राहिल्या.

प्रेमराजनं ताट मागं सरकवलं. राखी काल होऊन गेली होती, पण घरात एक शिल्लक होती. मयुरीनं हितेंद्रला बांधली. गाठ इतकी घट्ट मारली की त्याचा हात लाल झाला.

मी खोटं बोललेले नाही, हे इथं नोंदवून ठेवते. मी एक प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं. तो रोट मी स्वतः नेऊन दिला होता, आठ वर्षांची असताना, पदराखाली झाकायला पदर नव्हता म्हणून परकराच्या ओच्यात. त्या माणसाला चार दिवस ताप होता आणि चूल पेटली नव्हती. आई म्हणाली होती, कुणाला सांगू नकोस. आता आई नियमाची इतकी कडक, की परक्याला तिनं रोट दिलाच नसता. दिला, म्हणजे तो परका नव्हता. सरळ आहे.

मग सांगू नकोस का म्हणाली, हा प्रश्न आईला विचारायचा होता. ती नाही.

२० सप्टेंबर, शनिवार. पुणे

मयुरी आत. मी बाहेर बाकावर. तीन महिन्यांत वही भरली. ती वाचत मी दोन तास बसले. शेवटची ऐंशी पानं 'बिघडलेले'.

आत जाण्याआधी एका तरुण बाईनं मयुरीला मिठी मारली होती. मी तिला बाकावर बोलावून चौकशी केली. नाव मोनाली. ऑनलाइन जर्मन शिकवते, विद्यार्थ्यांना धीर द्यायला आली होती. वर्ग पहाटे साडेपाचला. मी म्हटलं, त्या वेळी आमच्याकडे भजन असतं. ती म्हणाली, हो, कल्पना आहे.

तिला माझा भाऊबंदकीचा सिद्धांत समजावून सांगितला. पाऊण तास लागला. मुलगी चांगली, मधे बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली की, एका भाषेनं दुसरीकडून घेतलेला शब्द नात्यातला नसतो, आजी, तो पाहुणा असतो. कितीही वर्षं राहिला, कितीही घरच्यासारखा दिसला तरी. नातं बघायचं तर आधी पाहुणे बाजूला काढावे लागतात.

मी तिला विचारलं की पुण्यात पाऊस कसा आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल नाही. दिवाळी सहा दिवसांवर.

सकाळी साताला प्रेमराजचा फोन. धुळ्याला चुडामणभाऊंचे मोठे काका गेले. वय एक्क्याण्णव. वाईट झालं, म्हटलं. तो म्हणाला, वाईट पुढं आहे. चुडामणभाऊंनी पहूरला रीतसर निरोप पाठवला आहे: भाऊबंद आहात, तुम्हालाही सुतक.

दहा दिवस. आमच्या पहूरच्या भाऊबंदकीची अडतीस घरं. आकाशकंदील लागले होते ते काढले. सुनांनी चकलीची भाजणी डब्यात बंद केली. पोरांचे फटाके माळ्यावर गेले. लक्ष्मीपूजन नाही, पाडवा नाही. अडतीस घरांत मिळून एकच प्रश्न, हे धुळ्याचे भाऊबंद आले कुठून. आणि सगळे प्रेमराजकडे बघताहेत.

मग आवाज खाली करून तो म्हणाला, "अक्का, मले खरं सांग. तो माणूस आपला होता का?"

निकाल आला असता तर सांगितलं असतं. निकाल आलेला नाही. नव्हता म्हणाले तर ताट परत पुढं येतं. हितेंद्रसारखा मुलगा दुसरा नाही हे प्रेमराजला पक्कं माहीत आहे. मी म्हटलं, रोट खाल्ला की खाल्ला. सुतक पाळ.

तो दुपारच्या गाडीनं वीस जणांना घेऊन धुळ्याला गेला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पास. चारही भागांत. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. बोलण्यात सगळ्यात जास्त.

मयुरीनं आधी माझ्या पाया पडून नमस्कार केला आणि मग मोनाली मॅडमना फोन लावला. माझ्या वाट्याला अर्धं मिनिट, मॅडमच्या वाट्याला पंचवीस. फोनवर सगळं जर्मनमध्ये. मला 'हांड' एकदा ऐकू आल्यासारखं वाटलं.

मग तिनं सांगून टाकलं. जूनपासून वर्ग चालू होता. गच्चीवर. भजन नव्हतंच. वर्ग कुणी लावून दिला, विचारलं. तिनं वर्तमानपत्राकडे बघितलं. वर्तमानपत्राच्या मागे आमचे हे होते. पान उलटलं गेलं नाही.

रागावण्यासारखं यात काही नाही. पाया माझा होता, वर्ग त्याला पूरक ठरला. मी मयुरीला विचारलं, वहीचा किती उपयोग झाला. ती म्हणाली, खूप, आत्या. यात लिहिलेलं काही लिहायचं नाही, हे पक्कं लक्षात राहायचं.

ठीक आहे. मुलगी जाणार. आता खरं बोलायला हरकत नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पहूरला जायचं, प्रेमराजला सांगायचं, सुतक उठेल. अडतीस घरांची दिवाळी संध्याकाळपर्यंत सुरू होऊ शकते. माझं नाव जाईल थोडं. एकसष्ट सोयरिकींच्या पुण्याईवर तेवढं चालून जाईल.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

सकाळी पहिल्या एस.टी.नं पहूर. आमच्या गल्लीत एका दारात रांगोळी नाही. पलीकडच्या गल्लीत सगळीकडे.

प्रेमराज ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली. मी उभ्या उभ्या सांगितलं. तो माणूस परका होता. ताप होता, उपाशी होता, म्हणून आईनं रोट दिला. मी नेऊन दिला. बाकी सगळं माझं.

त्यानं ऐकून घेतलं. चिडेल म्हणून मी उत्तरं तयार करून गेले होते, सहा होती. चिडला नाही. त्यांच्या घरी चार दिवस राहून आला होता. कसे लोक आहेत ते सांगत बसला. धुरपदाबाईंनी त्याला जवळ बसवून कोणाला केव्हा किती पोरं झाली ते सगळं सांगितलं, आणि याच्याकडून पहूरचं सगळं लिहून घेतलं. परवाच्या दहाव्याला अडतीस घरांतून गाड्या जाणार आहेत. पुढच्या श्रावणात धुळ्याची बारा घरं कानबाईला पहूरला येणार, रोट एकत्र. गहू कोण देणार तेही ठरलं आहे.

मी म्हटलं, अरे, पण ते आपले नाहीत. मी आत्ता सांगितलं ना.

"म्या खांदा दिला हाये, अक्का," तो म्हणाला. "आता त्यायले सांगू, तो परत घेतो म्हणून?"

मी म्हटलं, कुळाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो, हे तूच म्हणाला होतास. तो म्हणाला, सोयरिकीत हो. हे भाऊबंदकीचं आहे. ते अडतीस घरं ठरवतील. मग अगदी प्रेमानं, मला बसायला गोणपाट पुढं सरकवत म्हणाला, "आन् तू तं सासरची. यात तुझं काय?"

यावरचं उत्तर मी तयार केलेल्यांत शोधलं. सहामध्ये नव्हतं. नियम बरोबर आहे. मुलगी दिली की तिचं कूळ बदलतं, माहेरच्या रोटावर तिचा हक्क नाही. हे मी स्वतः एकसष्ट घरांत मुलींना समजावून सांगितलं आहे, ठणकावून. धुळ्याचे लोक आत आले. मी बेचाळीस वर्षांपूर्वी बाहेर पडले.

वहिनीनं विचारलं, फराळाचं केलंय का तुमच्याकडे, कारण आमच्याकडे देण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, केलंय. केलं नव्हतं.

दुपारच्या गाडीनं परत. मयुरी ड्यूटीवर होती; तिलाही सुतक आहे, अजून तरी ती तिकडची. यांनी विचारलं, झालं का काम. मी म्हटलं, झालं.

मग चकलीची भाजणी मळायला घेतली आणि यांना पणत्यांचा डबा काढायला सांगितलं. किती लावायच्या, त्यांनी विचारलं. सगळ्या, म्हटलं. आपल्याला सुतक नाही.